नेम कशावर धरावा?



गेल्या माघ महिन्यात भीमेच्या काठच्या एका गावी सप्ताहात कीर्तनसेवेला आमचे जाणे झाले. गाव शिरूर तालुक्यातले. नदी ओलांडली की पलीकडे दौंड तालुका. या दोन्ही तालुक्यांतील गावे आम्ही चाळीस वर्षे कीर्तनाच्या निमित्ताने पायांखाली घातली आहेत. कीर्तन आटोपले, पंगती उठल्या, टाळकरी मंडळी देवळाच्या ओवरीत आडवी झाली. तेव्हा एक तिशीतला माळकरी तरुण जवळ येऊन बसला. त्याच्या वडिलांपासून आमचा घरोबा. तो म्हणाला,

"बुवा, रागावणार नसाल तर एक विचारू का? तुम्ही मघाशी सांगितलंत, माणसानं जन्माला येऊन काहीतरी ध्येय धरावं. पण धरायचं कशाच्या जोरावर? मत एकाला द्यावं, तर निवडून आल्यावर तो दुसऱ्याच्याच मांडवात दिसतो. नदीचं पाणी असं, की गुरं तोंड लावीनात. गावात माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली. मी चार वर्षं गावच्या कामात घातली, हाती काय लागलं? आता वाटतं, आपला ऊस बरा, आपला कांदा बरा. ध्येयं मोठ्या माणसांनी धरावीत."

आम्ही त्याला सवयीने उत्तर दिले, "बाळ, विठ्ठलावर भार टाक, सर्व ठीक होईल." तो म्हणाला, "बरं, बुवा." आणि उठून गेला.

ते 'बरं' आम्हांला रात्रभर टोचत राहिले. आमचे उत्तर खोटे नव्हते. परंतु खरे उत्तर चुकविण्यासाठीही खरे वाक्य वापरता येते, आणि आम्ही तेच केले होते. पोराने प्रश्न विचारला आणि आम्ही त्याला अंगारा देऊन वाटेला लावले. म्हणून त्या प्रश्नाचा विचार आज या पानावर वाचक माउलींसमोर करीत आहोत. मंडळींनी तो आपलाच म्हणून वाचावा.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, त्या तरुणाचे म्हणणे कल्पनेतले नव्हते. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला आणि जुलै २०२३ मध्ये दुसरा. नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, हे वाद निवडणूक आयोगापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेले. ज्याने मत दिले त्याला मात्र कोणी विचारले नाही. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचाच कारभार राहिला. मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन आमच्याच पट्ट्यात भीमेला मिळते. ज्या भीमेला पंढरीत चंद्रभागा म्हणून आपण डोक्यावर घेतो, तिच्यात इथे पाय घालताना माणूस विचार करतो. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये दौंड तालुक्यातील यवतला कोणी मोबाईलवर टाकलेल्या मजकुरावरून दंगल उसळली. यवत म्हणजे कोणते गाव? तुकोबारायांची पालखी मुक्कामाला येते आणि गाव घरोघरी पिठले-भाकरी करून वारकऱ्यांना जेवू घालते, ते गाव. ज्या रस्त्यावर आपण एकमेकांच्या पायां पडतो, त्याच रस्त्यावर धोंडे पडलेले ऐकून आमच्या पोटात कालवले. तेव्हा तरुणाला निराशा वाटली तर त्याचा दोष नाही.

परंतु निराशा दोन प्रकारची असते, आणि हा भेद आम्हांला फार उशिरा कळला. एक, दुसऱ्याने केलेल्या अन्यायाचे दुःख. ते शुद्ध आहे. संतांनाही ते झाले. दुसरी निराशा निराळी आहे. आपण स्वतः त्या अन्यायाला हात लावलेला असतो आणि मग 'काळच असा आहे' असे म्हणून हात धुतो.

आमचेच सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक होती. एका गावच्या सप्ताहाचा मांडव आणि एका दिवसाची पंगत एका उमेदवाराच्या माणसांनी उचलली होती. नावगाव सांगण्यात अर्थ नाही. कीर्तनापूर्वी निरोप आला, "बुवा, दोन शब्द बोला." आम्ही बोललो. दोनच वाक्ये, पण बोललो. कीर्तनानंतर एक म्हातारी, जी वीस वर्षे न चुकता पाया पडायला येते, ती त्या दिवशी लांबच उभी राहिली. आम्हीच तिला हाक मारली. ती म्हणाली, "बुवा, नारदाच्या गादीवरनं आज दुसऱ्याचंच कीर्तन झालं." एवढे बोलून ती गेली.

घरी येताना आम्ही मनाशी म्हणत होतो की, दिवसच वाईट आले, कीर्तनकाराला स्वातंत्र्य उरले नाही. हे खोटे होते. आमच्या गळ्यावर कोणी सुरी ठेवली नव्हती. मांडवाच्या खर्चापुढे आमची जीभ आपण होऊन वाकली होती. ज्याला आपण काळाचा दोष म्हणतो, त्यातला किती काळाचा आणि किती आपला, याचा हिशेब मांडल्यावाचून ध्येयाची गोष्ट बोलण्यात अर्थ नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. 'ध्येय' हा शब्द आजकाल फार उंच झाला आहे. शाळेच्या भिंतीवर तो रंगवितात आणि सभेत तो गर्जतात. आपल्या बोलीत त्याहून जवळचा शब्द आहे, 'नेम'. संस्कृतातला 'नियम' मराठीच्या ओसरीवर येऊन बसला आणि 'नेम' झाला. या शब्दाचे दोन अर्थ आपल्या घरात रोज नांदतात. आंब्यावर दगड मारणारा पोरगा नेम धरतो. तेथे नेम म्हणजे लक्ष्य. आजीचा एकादशीचा नेम असतो. तेथे नेम म्हणजे न मोडता पाळायची गोष्ट. एका शब्दात लक्ष्यही आले आणि रोजचे आचरणही आले. जे लक्ष्य रोजच्या आचरणात उतरत नाही तो नुसता मनोरथ होय. आणि ज्या आचरणाला लक्ष्य नाही ती नुसती सवय होय. त्या तरुणाने चार वर्षांत लक्ष्य धरले होते. पण त्याचे माप दुसऱ्याच्या हाती होते. रस्ता मंजूर होतो की नाही, निधी येतो की नाही, पुढारी शब्द पाळतो की नाही, यांवर त्याचे यश टांगलेले होते. ते तुटले, तेव्हा हाही तुटला.

येथे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक विचार उपयोगी पडतो. पाठशाळेत गुरुजींनी तो आम्हांला पाठ करविला, पण अर्थ पुढे आयुष्याने शिकविला. भगवंत म्हणतात की, कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रान, कुणबी, अवजारे, मेहनत आणि पाऊस. पाचही जुळली तर पीक येते. आता यात विचार करा. कर्ता पाचांतला एक आहे. 'सर्व माझ्यामुळे होईल' असे म्हणणारा चार कारणे विसरतो, आणि त्याचे फळ गर्व किंवा वैफल्य. 'माझ्याने काय होणार' असे म्हणणारा पाचवे कारण काढून घेतो. मग उरलेली चार जुळली तरी पीक येत नाही. पाऊस पडला आणि कुणबी बांधावर रुसून बसला, तर दोष पावसाचा म्हणावा काय? राजकारण हा मोठ्या अंशी पावसासारखा प्रकार आहे. पूर्णपणे नव्हे, कारण ते माणसेच घडवितात. परंतु एकट्या माणसाच्या दृष्टीने तसेच. त्यावर नजर ठेवावी, परंतु पेरणीचा निश्चय त्याच्या हाती देऊ नये.

कोणी म्हणेल, हे पोथीतले झाले. म्हणून आपल्या संप्रदायाचा इतिहास पाहू.

आपण आषाढीला ज्या पालखीमागे चालतो ती केव्हा सुरू झाली? तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली. हा आकडा नुसता पाठ करून सोडण्यासारखा नाही. त्या काळी दख्खनेत काय चालले होते? औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरला होता. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये छत्रपती संभाजीमहाराजांची हत्या याच भीमेच्या काठी झाली. त्यांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. त्यानंतर छत्रपती राजाराममहाराजांना जिंजीस जावे लागले. १७०७ मध्ये बादशहा मेला तोपर्यंत हा वणवा विझला नव्हता. नारायणबाबांनी 'आधी राज्य स्थिर होऊ द्या, मग पाहू' असे म्हटले असते, तर त्या वेळी त्यांना कोणीही नावे ठेवली नसती. त्यांनी ठरविले ते एवढेच, की वडिलांच्या पादुका पालखीत घालून, ज्ञानोबा-तुकोबांचे नाव घेत पंढरीस न्यावयाच्या. ज्या वडिलांचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, कारण परंपरा असे सांगते की तुकोबांच्या प्रयाणानंतर त्यांचा जन्म झाला, त्या वडिलांची वाट त्यांनी चालती ठेवली.

दुसरे उदाहरण तर शिरूरचेच. आपल्या संतमालिकेतले निळोबाराय मूळचे घोडनदीकाठच्या शिरूरचे, कुळकर्णीपणाचे काम करणारे. परंपरेतील कथा अशी की, ते पूजेत असताना सरकारी अंमलदाराचे बोलावणे आले. पूजा सोडून उठावे की न उठावे? त्या क्षणी त्यांना कळले की ही चाकरी आपला नेम मोडल्याशिवाय राहणार नाही. त्यांनी कुळकर्णीपण सोडले आणि पुढे पारनेरकडील पिंपळनेरास जाऊन राहिले. तुकोबांची देहाने भेट झालेली नसताना त्यांच्या दर्शनासाठी अन्नपाणी वर्ज्य करून बसले, आणि स्वप्नदृष्टान्ताने कृपा पावले, असे सांगतात. काळ तोच, धामधुमीचा. निळोबांकडून परंपरा शंकरस्वामी शिऊरकरांकडे, तेथून मल्लाप्पा वासकरांकडे आली, आणि आजही वारीत त्या फडाचे वारकरी चालतात. एका कुळकर्ण्याने एका सकाळी पूजेतून उठायचे नाही असे ठरविले, त्याचा धागा कोठवर आला पाहा.

येथे एक शंका संभवते, आणि ती टाळून चालणार नाही. 'बुवा, पालखी निघाली म्हणून मोगल थांबले काय? १६८५ ला वारी सुरू झाली आणि १६८९ ला वढूस ते घडले. मग या नेमाचा उपयोग काय?'

शंका खरी आहे. आमचे उत्तर असे : नेमाने मोगल थांबले नाहीत. थांबतील असे नारायणबाबांनी म्हटलेही नसावे. मोगलांशी लढणारे निराळे होते. ते लढले, मेले आणि शेवटी टिकले. परंतु लढाई संपल्यावर माणसाने कशासाठी जगायचे, एकमेकांशी कसे वागायचे, कोणाच्या पायां पडायचे, हे लढाई शिकवीत नाही. ते ज्यांनी वणव्यात सांभाळले त्यांच्यामुळे मागल्यांना मिळाले. शेतकरी दुष्काळातही बियाणाची कणगी उपाशीपोटी राखतो. त्या कणगीने दुष्काळ हटत नाही. पण पाऊस येतो तेव्हा पेरायला काही असते.

दुसरी शंका अधिक बोचरी. 'असा आपापला नेम धरून बसणे म्हणजे अन्यायाकडे पाठ फिरविणे नव्हे काय? देवघराचे दार लावून घेतले की बाहेरचे धोंडे ऐकू येत नाहीत.' ही शंका आम्ही आमच्या संप्रदायालाच विचारतो, कारण ती आम्हांला लागू आहे. पंढरीच्या देवळाचे दार हरिजन बांधवांना बंद होते, तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण टाळ कुटीत स्वस्थ राहिले. काहींनी तर विरोध केला. हे लपविण्यात अर्थ नाही. तेव्हा साने गुरुजींनी नेम धरला. साल १९४७. स्वराज्य दाराशी आलेले, उत्तरेत फाळणीच्या दंगली पेटलेल्या, सारे राजकारण त्यात गुंतलेले. अशा वेळी देवळाच्या दाराची गोष्ट काढणे अवेळी वाटावे. गुरुजी महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, लोकांना विनविले; आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषणास बसले. १० मे रोजी मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरून ते उपोषण सुटले. हा नेम एका माणसाचा होता, पण त्याचे तोंड दुसऱ्याच्या दुःखाकडे होते. म्हणून तो पळवाट ठरला नाही. नेम पळवाट आहे की नाही हे ओळखण्याची खूण हीच, की त्याने शेजाऱ्याचे काही हलके होते की नाही.

आता कोणी विचारील, आम्ही काही नारायणबाबा नव्हे, साने गुरुजी नव्हे. आम्ही काय करावे? वारीने याची पद्धत शिकविली आहे. आमच्या अनुभवाने नेम धरताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नेम एवढा असावा की वाईटातल्या वाईट दिवशीही पाळता यावा. पाटस सोडल्यावर रोटीचा घाट लागतो. तेथे कोणी वारकरी पंढरीचा कळस शोधीत नाही. पुढल्याची टाच पाहतो आणि पाऊल टाकतो. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. तेव्हा ज्यांची वारी केवळ गर्दीची होती त्यांची ती चुकली. ज्यांचा नेम होता त्यांनी तेवढेच दिवस घरी, शेताच्या बांधावर, हरिपाठ केला.

दुसरी, त्याचे माप आपल्या हाती असावे. 'गावचे पाणी शुद्ध करीन' हे लक्ष्य चांगले, पण ते पाचही कारणांवर अवलंबून. 'दर ग्रामसभेस जाईन आणि पाण्याविषयी लेखी विचारीन' हा नेम माझा. पुढारी फुटला तरी तो फुटत नाही.

तिसरी, नेमाला साक्षी असावा. वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. दिंडीत चार दिवस दिसला नाही तर विणेकरी विचारतो, "अमका कोठे आहे?" ज्याला विचारणारे कोणी नाही त्याचा नेम कार्तिकापर्यंतही टिकत नाही.

चौथी, नेमाचा अभिमान धरू नये. मी एकादशी करतो आणि तो करीत नाही, मी सभेस जातो आणि तो जात नाही, असे मनात आले की नेमाला कीड लागली. त्या म्हातारीने आम्हांला एक वाक्य सुनावले आणि ती गेली. गावभर सांगत फिरली नाही. तिच्याजवळ खरे व्रत होते.

एक सावधानता. नेम धरला म्हणून मतदान, पंचायत, न्यायासाठी दाद मागणे ही कर्तव्ये सुटत नाहीत. राज्यकर्त्यांना प्रश्न विचारावेतच. आम्ही एवढेच म्हणतो की, त्यांनी उत्तर दिले नाही म्हणून आपण आपले काम सोडावे, हा न्याय उलटा आहे.

आम्ही स्वतः काय केले, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर हे दुसऱ्याला शिकविणे होईल. आम्ही दोन नेम धरले. एक, नारदाच्या गादीवरून कोणत्याही उमेदवाराचे नाव घ्यायचे नाही, आणि जेथे मांडव त्या अटीवर उभा असेल तेथे कीर्तनास जायचे नाही. या नेमापायी गेल्या वर्षी दोन सप्ताह हातचे गेले. घरात थोडी बोलणी झाली, ती सोसली. दुसरा, दर गुरुवारी गावातल्या मुलांना ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या अर्थासह सांगायच्या, जो येईल त्याला, जात-पात न विचारता. पहिल्या गुरुवारी तेरा मुले आली. परवा सहा होती. सहा तर सहा. आमचा नेम सांगण्याचा आहे, मोजण्याचा नाही.

आणि त्या तरुणाचे? आम्ही त्याला चैत्रात पुन्हा गाठले आणि प्रथम क्षमा मागितली, की त्या रात्री आम्ही तुला टाळले. मग हे सारे बोललो. तो पुष्कळ वेळ ऐकत होता, अधूनमधून वादही घालीत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे बुवा. वर्षाच्या चारही ग्रामसभांना जायचं, नदीच्या पाण्याचा अर्ज दर खेपेला द्यायचा. आणि ज्या आळीत आमचं येणंजाणं बंद झालंय तिथल्या एका घरी दर महिन्याला जाऊन चहा घ्यायचा. बघू किती दिवस जमतं."

१ मे रोजी सायंकाळी त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"बुवा, गणसंख्या भरली नाही. सभा तहकूब झाली."

"तू गेला होतास का?"

"गेलो होतो."

"अर्ज दिलास?"

"ग्रामसेवकाच्या हातात दिला. पोच घेतली."

"आणि चहा?"

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "घेतला. त्यांनी आधी दारातच उभं केलं. नंतर आत बोलावलं."

आम्ही म्हटले, "मग पुढल्या सभेची तारीख लिहून ठेव."

इत्यलम्. ज्यांनी हे वाचले त्यांनी येत्या एकादशीस आपला एक नेम ठरवावा, लहानसा, आणि तो दिंडीतल्या एका माणसाला सांगून ठेवावा. आषाढीला वरवंडच्या मुक्कामी आम्ही असू. तेथे भेटाल तर एवढेच विचारू, पाळला का?